उष्णता आधी अडवावी, मग काढावी



एप्रिल महिन्यात शाळेचे नवे सत्र सुरू होते आणि त्याबरोबर आमच्याकडे एक विनंती येऊ लागते. वरच्या मजल्यावरील वर्गांत एसी बसवा, मुलांना बसवत नाही. विनंती रास्त आहे. आपल्या ग्वाल्हेरात उन्हाळा काय असतो हे येथे कोणास सांगावयास नको. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. सुट्या लागण्यापूर्वी व सुट्या संपल्यावरही वरच्या तीन वर्गांचे छत दुपारी तव्यासारखे तापलेले असते.

तरीही एसीच्या अर्जावर लगेच सही करण्याआधी एक प्रश्न आम्हास पडला. ही उष्णता खोलीत येते कोठून, आणि ती येऊच नये असे काही करता येते का? या प्रश्नाच्या निमित्ताने आम्ही जे वाचले व समजून घेतले, ते या लेखात आपणापुढे ठेवत आहोत. नववी-दहावीच्या विद्यार्थ्यांनी यातील हिशेब वहीत अवश्य करून पाहावेत. धडा आहे तो, पण आपल्याच डोक्यावरच्या छताचा.

उष्णतेच्या तीन वाटा

आपली मुले शाळेत हिंदीतून 'चालन, संवहन आणि विकिरण' शिकतात. मराठीत यांनाच वहन, अभिसरण आणि प्रारण म्हणतात. शब्द कोणतेही घ्या, वाटा त्याच तीन.

चहात ठेवलेला स्टीलचा चमचा दांड्यापर्यंत तापतो, ते वहन. पातेल्यातले पाणी तळाशी तापून वर येते आणि गार पाणी खाली जाते, ते अभिसरण. शेकोटीपासून चार हात दूर बसले तरी तोंडावर धग लागते, ते प्रारण. सूर्याची उष्णता कोट्यवधी किलोमीटर पोकळीतून आपल्या गच्चीवर येते ती या तिसऱ्या वाटेने. गच्चीचा पृष्ठभाग तापला की ती स्लॅबमधून वहनाने खाली उतरते. मग छताची खालची बाजू तापते आणि मुलांच्या डोक्यावर पुन्हा प्रारणाने धग टाकते. म्हणूनच पंखा पूर्ण वेगात असूनही 'वरून भाजते' अशी तक्रार येते. पंखा हवा हलवतो, छताची धग थांबवत नाही.

बर्फाच्या लादीचा धडा

बर्फवाल्याकडे लादी भुशात आणि पोत्यात गुंडाळलेली आपण पाहिली असेल. लहान मुलांना नवल वाटते. गोधडीने तर ऊब येते, मग बर्फ का वितळत नाही? उत्तर असे की गोधडी ऊब निर्माण करतच नाही. ती फक्त उष्णतेची ये-जा अडवते. आत गरम शरीर असेल तर उष्णता बाहेर जाऊ देत नाही आणि आत बर्फ असेल तर बाहेरची आत येऊ देत नाही.

याचा मोठा प्रयोग इतिहासात झालेला आहे. १८३३ साली अमेरिकेतील बोस्टन बंदरातून 'टस्कनी' नावाचे जहाज सुमारे १८० टन नैसर्गिक बर्फ घेऊन कलकत्त्यास निघाले. हा व्यापार फ्रेडरिक ट्यूडर यांनी उभा केला होता. प्रवास चार महिन्यांचा आणि वाटेत विषुववृत्त दोनदा ओलांडायचे. बर्फासाठी वेगळा कोठा बांधून त्याभोवती सुके, सैल पदार्थ दाबून भरलेले होते. एवढ्यावर सुमारे १०० टन बर्फ कलकत्त्यास पोचला. ना वीज, ना यंत्र!

भुशात असे काय असते? लाकडापेक्षा त्यातली हवा महत्त्वाची. बारीक कणांच्या मध्ये हवा अडकून पडते. तिला फिरता येत नाही म्हणून अभिसरण थांबते, आणि स्थिर हवेतून वहन अतिशय कमी होते. गोधडी, लोकर, पिसे, थर्मोकोल या सर्वांचे मर्म हेच आहे. अडकवून ठेवलेली हवा.

आकड्यांत बोलू या

प्रत्येक पदार्थाचा एक उष्णतावाहकता अंक असतो. एक मीटर जाडीच्या थराच्या एक चौरस मीटर भागातून, दोन्ही बाजूंच्या तापमानात एक अंशाचा फरक असताना, दर सेकंदास जितके ज्यूल म्हणजे जितके वॉट उष्णता जाते तो हा अंक. अंक जितका लहान तितका पदार्थ चांगला उष्णतारोधक. काही ढोबळ अंक असे आहेत:

तांबे: सुमारे ४००
पोलाद: सुमारे ५०
सळ्यांचे काँक्रीट: सुमारे १.६
भाजलेली वीट: ०.६ ते १
पाणी: सुमारे ०.६
रॉक वूल: सुमारे ०.०४
थर्मोकोल: सुमारे ०.०३५
स्थिर हवा: सुमारे ०.०२६
पफ, म्हणजे पॉलियुरेथेन फोम: सुमारे ०.०२५
एरोजेल: ०.०१५ ते ०.०२
निर्वात फलक: ०.००५ ते ०.००८

ही यादी दोनदा वाचावी. काँक्रीट थर्मोकोलपेक्षा ४० पटींहून अधिक उष्णता वाहून नेते. पाणी हवेपेक्षा सुमारे २३ पट अधिक नेते, म्हणूनच ओला झालेला उष्णतारोधक थर जवळजवळ निकामी होतो. आणि यादीतील शेवटचे तीन पदार्थ हवेपेक्षाही सरस आहेत. हे कसे शक्य आहे?

हवेपेक्षा सरस असे तीन पदार्थ

पहिला पफ. आपल्या फ्रिजच्या भिंतीत हाच भरलेला असतो. त्याच्या लहान लहान बंद घरट्यांत साधी हवा नसून, हवेपेक्षा कमी उष्णता वाहणारा जड वायू कोंडलेला असतो. यातील काही वायू ओझोन थरास घातक होते. त्यांपैकी एचसीएफसी-१४१बी या वायूचा फोमसाठी वापर भारताने १ जानेवारी २०२० पासून बंद केला.

दुसरा एरोजेल. सॅम्युअल किस्लर या अमेरिकन संशोधकाने १९३१ साली हा जगापुढे मांडला. जेली आपणास ठाऊक आहे. तिच्यात घन पदार्थाचे नाजूक जाळे असते आणि जाळ्यात द्रव भरलेला असतो. जेली उन्हात वाळवली तर द्राक्षाचा बेदाणा होतो तशी ती आक्रसते, कारण वाळताना द्रवाचा पृष्ठताण जाळे आत ओढतो. किस्लर यांनी दाब आणि तापमान इतके वाढवले की द्रव आणि वायू हा भेदच उरला नाही. मग पृष्ठताणही उरला नाही. द्रव निघून गेला आणि जाळे जसेच्या तसे राहिले. अशा सिलिका एरोजेलमध्ये ९० ते ९९ टक्के, कधी त्याहूनही अधिक, हवाच असते. हातात धरल्यास निळसर धुराचा गोठलेला तुकडा वाटतो.

त्याचे गुपित आकारात आहे. साध्या हवेत एक रेणू दुसऱ्यावर आदळण्यापूर्वी सरासरी सुमारे ७० नॅनोमीटर धावतो. एरोजेलमधील बहुतेक पोकळ्या ५० नॅनोमीटरहून लहान असतात. त्यामुळे रेणूची टक्कर दुसऱ्या रेणूशी होण्याआधीच भिंतीशी होते आणि उष्णता पुढच्याच्या हाती देण्याची साखळी तुटते. मंगळावरील 'स्पिरिट' आणि 'अपॉर्च्युनिटी' या गाड्यांची यंत्रे रात्रीच्या थंडीत गोठू नयेत म्हणून एरोजेल वापरले होते. 'स्टारडस्ट' यानाने धूमकेतूची धूळ एरोजेलमध्येच झेलली आणि ती २००६ साली पृथ्वीवर आणली. आज त्याचे तंतुमय कापड मिळते. ते कारखान्यांतील नळांवर, आणि भिंतीला जाडी देता येत नाही अशा इमारतींत लावतात. किंमत मात्र अजून चढीच आहे.

तिसरा निर्वात फलक. थर्मास आपण घरोघरी वापरतो. त्याचा मूळ शोध जेम्स ड्यूअर यांचा, १८९२ चा. दोन भिंतींमधील हवाच काढून टाकली तर वहन करायला कोणी उरत नाही. हेच तत्त्व सपाट फलकात आणले आहे. अतिसूक्ष्म सिलिका चूर्णाची पाटी करून ती धातूचा लेप असलेल्या पापुद्र्यात बंद करतात आणि आतील हवा ओढून घेतात. दोष एकच, पण मोठा. त्यात खिळा मारता येत नाही आणि तो कापताही येत नाही. भोक पडले की निर्वातपणा गेला आणि त्याबरोबर गुणही पुष्कळसा गेला.

आपल्या वर्गाचा हिशेब

आता नवलाई बाजूस ठेवून आपल्या छताकडे वळू. वर्गाचे छत ५० चौरस मीटर आणि स्लॅब १५ सेंटिमीटर जाड धरू. भर दुपारी गच्चीचा पृष्ठभाग ६० अंश आणि वर्गातील हवा ३५ अंश, म्हणजे फरक २५ अंशांचा.

थराची जाडी भागिले वाहकता अंक म्हणजे त्या थराचा रोध. स्लॅबचा रोध ०.१५ ÷ १.५८ = ०.०९५. छताच्या खालच्या बाजूस चिकटून असलेल्या हवेच्या पातळ थराचा रोध सुमारे ०.१७. एकूण ०.२६५. म्हणून येणारी उष्णता २५ ÷ ०.२६५ × ५० = सुमारे ४,७०० वॉट. एक टनाचा एसी सुमारे ३,५०० वॉट उष्णता बाहेर काढतो. म्हणजे सव्वा टनाहून अधिक एसी केवळ छतातून येणाऱ्या उष्णतेशीच झुंजत राहणार! बिल शाळेने भरायचे आणि उष्णता गल्लीत सोडायची.

आता गच्चीवर ५ सेंटिमीटर पफ घातला असे समजू. त्याचा रोध ०.०५ ÷ ०.०२५ = २. एकूण २.२६५. उष्णता उरते सुमारे ५५० वॉट.

पफऐवजी १ सेंटिमीटर एरोजेल कापड घातले आणि त्याचा अंक ०.०१८ धरला, तर उरते सुमारे १,५०० वॉट.

आणि यातले काहीच न करता गच्चीला फक्त पांढरा चुना किंवा पांढरा परावर्तक रंग दिला तर? पांढरा पृष्ठभाग बराचसा सूर्यप्रकाश परत पाठवतो. गच्ची ६० ऐवजी ४५ अंशांवर राहिली असे धरू. मग फरक १० अंशांचाच उरतो आणि उष्णता येते सुमारे १,९०० वॉट. पांढरा रंग आणि पफ दोन्ही असतील तर सुमारे २२० वॉट.

हा हिशेब सोपा केलेला आहे. प्रत्यक्षात स्लॅब उष्णता साठवून ठेवतो आणि उशिरा सोडतो, म्हणून वरच्या खोल्या सायंकाळीही तापलेल्या असतात. पण प्रमाण समजण्यास हा हिशेब पुरेसा आहे. चुन्याची बादली आणि अंतराळयानातील एरोजेल यांच्या उत्तरांत फार अंतर नाही, हे पाहून आम्हीही थक्क झालो.

यातून एक विवेक शिकावा. एरोजेल श्रेष्ठ आहे ते कमी जाडीत काम करते म्हणून. ज्याच्याकडे जागा नाही, त्याने त्या गुणाचे मोल द्यावे. आपल्या गच्चीवर पाच सेंटिमीटर जाडीस कोणाची आडकाठी नाही. मग आपण ते मोल का द्यावे?

जुने वाडे काय सांगतात

लष्करातील जुन्या वाड्यांत दुपारी शिरले की गारवा लागतो. तेथे तर फोम नव्हता. ते कसे? दगड हा उष्णतारोधक नाही, पण हात-दीड हात जाडीची दगडी भिंत तापायला फार वेळ घेते. दुपारची उष्णता आतल्या बाजूस पोचेपर्यंत रात्र होते. अशी भिंत उष्णता अडवत नाही, उशीर लावते. रात्री चौकातून आणि खिडक्यांतून गार हवा खेळली की भिंत पुन्हा रिकामी होते. दारावरचा वाळ्याचा ओला पडदा आणि गच्चीवरचा चुना हे त्यांचे सोबती.

आजचा १५ सेंटिमीटरचा उघडा स्लॅब या दोन्हीत बसत नाही. तो उष्णता नीट अडवत नाही आणि पुरेसा उशीरही लावत नाही. घरांसाठी केंद्र सरकारने २०१८ साली 'इको निवास संहिता' काढली. तिच्यात छताच्या दर चौरस मीटरमधून, दर अंश फरकास, १.२ वॉटपेक्षा अधिक उष्णता जाऊ नये अशी मर्यादा आहे. उघड्या स्लॅबचा हाच आकडा सुमारे ३.३ येतो. तेलंगणाने तर २०२३ साली थंड छतांसाठी स्वतंत्र धोरणच जाहीर केले. म्हणजे विषय केवळ आपल्या शाळेचा नाही.

तीन सावधगिरीच्या गोष्टी

पहिली, आगीची. हे आम्ही मुद्दाम ठळकपणे सांगतो. थर्मोकोल आणि पफ हे ज्वलनशील वर्गातील पदार्थ आहेत. त्यांच्या धुराने माणूस ज्वाळेपूर्वीच गुदमरतो. १४ जून २०१७ रोजी लंडनच्या ग्रेनफेल टॉवर या इमारतीस आग लागली. बाहेरील आवरणातील प्लॅस्टिकचा गाभा आणि त्यामागील फोम यांमुळे ती भराभर पसरली आणि ७२ माणसे गेली. म्हणून वर्गाच्या आत, मुलांच्या डोक्यावर, उघडा थर्मोकोल कदापि नको. फोम घालायचाच तर स्लॅबच्या वर, आणि त्यावर काँक्रीट व फरशीचे आवरण. आत काही लावणे भागच असेल तर न जळणारे रॉक वूल, तेही नीट झाकून.

येथे आमची एक चूक कबूल करावी लागते. काही वर्षांपूर्वी आपल्या संगणक कक्षास थर्मोकोलचे छत आम्हीच स्वस्त आणि गार म्हणून पसंत केले होते. तेव्हा हा विचार आमच्या मनात आला नाही. ते छत काढावयाचे आहे.

दुसरी, पाण्याची. थर ओला झाला की गुण गेला, म्हणून वॉटरप्रूफिंग आधी.

तिसरी, हवेची. मोठा माणूस स्वस्थ बसला तरी सुमारे १०० वॉट उष्णता सोडतो. मूल त्याहून थोडी कमी. चाळीस मुलांचा वर्ग म्हणजे ३,००० वॉटच्या आसपास शेगडी! ही उष्णता आतच जन्मते, तिला कोणताही फोम अडवू शकत नाही. खिडक्या समोरासमोर, पंखे चालू आणि पहाटे वर्ग उघडून ठेवणे याला पर्याय नाही.

आमची विनंती

विश्वस्त मंडळापुढे आम्ही पुढील क्रम ठेवत आहोत. पहिले, मार्च संपण्यापूर्वी संपूर्ण गच्ची पांढरी करावी आणि धुळीच्या वादळांनी ती मळते म्हणून दरवर्षी हे काम व्हावे. दुसरे, संगणक कक्षाचे थर्मोकोल छत याच सुट्यांत काढावे. तिसरे, वरच्या तीन वर्गांचे वॉटरप्रूफिंग जेव्हा नव्याने करावे लागेल, तेव्हाच त्याखाली उष्णतारोधक थर घालावा, म्हणजे गच्ची दोनदा फोडावी लागणार नाही. इतके झाल्यावर एसीचा विचार. तेव्हा लहान एसी पुरेल, किंवा कूलरवरच भागेल.

पालकांस नम्र विनंती की त्यांनी घरीही हाच क्रम ठेवावा. नवा एसी घेण्यापूर्वी एकदा गच्चीवर जाऊन उभे राहावे.

करून पाहा

१. सारख्या आकाराचे बर्फाचे चार तुकडे चार वाट्यांत ठेवा. एक उघडा, एक सुती कापडात, एक भुशात आणि एक ओल्या कापडात, पंख्यापासून दूर. कोणता आधी वितळतो ते वेळेसह लिहा. ओल्या कापडाचे कारण स्वतः शोधा.

२. नववीच्या विद्यार्थ्यांनी गच्ची पांढरी होण्यापूर्वी एक आठवडा आणि नंतर एक आठवडा, वरच्या एका वर्गातील तापमान सकाळी ८ आणि दुपारी १२ वाजता नोंदवावे. त्याच वेळी तळमजल्यावरील एका वर्गाचीही नोंद घ्यावी. तळमजल्याची नोंद कशासाठी, हेही सांगावे.

३. वरील हिशेबात पफ ५ ऐवजी १० सेंटिमीटर घातला तर किती उष्णता येईल? पहिल्या ५ सेंटिमीटरने किती वाचली आणि पुढच्या ५ ने किती? दुसऱ्यावर खर्च करावा का?

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर पुढील अंकात देऊ. मात्र विश्वस्त मंडळींनी ते आधीच काढून ठेवावे, असा आमचा लाडिक आग्रह आहे.